काठी आणि दार

भंडारा जिल्हा म्हटला कीं तळीं व धानाचीं शेतें आमच्या वाचकांस आठवतील. परंतु त्याच्या पूर्वभागास नवेगाव-नागझिऱ्याचें अरण्य भिडलें आहे. तेथें २०१३ सालीं व्याघ्रप्रकल्प झाला.

मार्च २०१८ मध्यें साकोली तालुक्यांतील एका खेड्यांत, रात्रीं शेळीचा आक्रोश ऐकून एक पदवीधर तरुणी बाहेर आली. समोर वाघ! तिनें काठी उचलून त्याजवर प्रहार केले. वाघ उलटला, ती रक्तबंबाळ झाली. तोंच आईनें तिला आंत ओढून दार लावून घेतलें. शेळी गेली, मायलेकी जखमी झाल्या, पण वांचल्या.

मुलीच्या धैर्याचें कौतुक सर्वत्र झालें, तें योग्यच. आम्हांस मात्र आईचें शहाणपण अधिक मोलाचें वाटतें. वाघास जिंकावें लागत नाहीं. त्याच्या व आपल्या मध्यें दार आलें कीं पुरे.

अरण्यांत दार नसतें. चैत्रांत मोहाचीं फुलें वेंचणारा मनुष्य ओणवा असतो. ओणवी आकृति वाघास सावजासारखी भासण्याचा संभव असतो. अस्वलासही तींच फुलें प्रिय. म्हणून जाणते लोक एकटे जात नाहींत, बोलत जातात. वाघ दिसल्यास धांवत न सुटतां, त्याजकडे तोंड ठेवून सावकाश मागें सरतात.

गरिबाची शेळी ही त्याची ठेव असते. तीसाठीं जीव पणास लावण्याची पाळी कोणा मुलीवर न यावी, असें वाटत असेल, तर मजबूत गोठा व वेळेवर भरपाई तिला मिळाली पाहिजे. नुसत्या शाबासकीनें वाघ अडत नाहीं!