घरालाही दाखला हवा

फ्रीज घेताना त्यावरचे तारे मोजता येतात. कळंब्यात पत्र्याची खोली भाड्याने घेणाऱ्या कामगाराला मात्र ती उन्हाळ्यात किती वीज खाईल, हे सांगणारा कागद कोणी देत नाही. पत्रा घालतो मालक, पंख्याचे बिल भरतो भाडेकरू. मग छत सुधारण्याची निकड मालकाला वाटावी कशी? २०२२ च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्तीने निवासी इमारती कायद्याच्या कक्षेत आल्या, पण १०० किलोवॅट वा अधिक वीजभाराच्या. इंग्लंडमध्ये २००८ पासून घर भाड्याने देतानाही ऊर्जा-दाखला लागतो. येथेही भाडेकरारासोबत तो सक्तीचा व्हावा. मात्र त्याचा खर्च भाड्यात चढता कामा नये. अन्यथा श्रमिकाच्या डोक्यावर पत्रा तोच राहील, भाडे तेवढे वाढेल.