सोलर लावलंय, मग लाईट कशी गेली?

इलेक्ट्रिकलला असण्याचा एक मोठा तोटा म्हणजे सुट्टीत घरी गेलं, की गल्लीतला प्रत्येक बंद पडलेला मिक्सर आपल्या दारात येतो. (आपल्याला मोटरची फेजर डायग्राम येते, मिक्सर उघडता येत नाही, हे त्यांना कोण सांगणार!) गेली एक-दोन वर्षं मात्र मिक्सरची जागा एका प्रश्नानं घेतली आहे. "काय रे, तू इंजिनिअरिंगला ना? मग सांग, सोलर लावावं का?"

प्रश्न विचारणाऱ्यांची चूक नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. पहिल्या २ किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान जाहीर झालं. त्याच वर्षी साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. तेव्हापासून रिक्षाच्या पाठीवर, पेपरमधल्या पत्रकांवर, लग्नाच्या पंगतीत सगळीकडे सोलर! आणि सगळीकडे एकच वाक्य : "आयुष्यभर फुकट वीज."

मित्र-मैत्रिणींनो, मी सोलरच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण या 'फुकट' शब्दावर माझा राग आहे. ऊन फुकट आहे, हे खरं. उन्हापासून आपल्या घरातल्या पंख्यापर्यंत जे काही लागतं ते फुकट नाही, आणि ते नीट समजून न घेता लोक आयुष्यभराची पुंजी छतावर चढवताहेत. समजावून सांगायला कोण? विकणारा सांगणार नाही. आणि आपण, ज्यांनी सेमिकंडक्टरचं अख्खं प्रकरण व्हायवासाठी पाठ केलंय, आपणही सांगत नाही.

आमच्या अकोल्याच्या काकांचंच उदाहरण घ्या. एस.टी.तून निवृत्त झाले, हातात पैसे आले, आणि एक एजंट घरी आला. त्यानं ३ किलोवॅटची सिस्टीम बसवून दिली. जाताना म्हणाला, "काका, आता लाईट जाण्याचं टेन्शनच संपलं. ती जुनी इन्व्हर्टर-बॅटरी काय कामाची?" काकांनी ती भंगारवाल्याला देऊन टाकली. पुढे मे महिन्यात भर दुपारी बारा वाजता डी.पी.वर जंप उडाला. डोक्यावर बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचं ऊन, छतावर सहा पॅनल चकाकताहेत, आणि घरातला कूलर बंद! मी तेव्हा इथं सबमिशनच्या गडबडीत. काकांचा फोन आला : "सोलर लावलंय, मग लाईट कशी गेली?"

याचं उत्तर आपल्यातल्या किती जणांना देता येईल? मी मेसमध्ये विचारून पाहिलं. 'बॅटरी नसेल' इथपर्यंत बरेच जण आले. पण ते अर्धंच उत्तर आहे, कारण भर दुपारी पॅनल तर वीज देतच होते, साठवायची गरज कुठं होती?

खरी गोष्ट अशी. घरावर बसतो तो बहुतेक वेळा ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर असतो. पॅनलमधून येणारा डी.सी. तो ए.सी. करतो, पण स्वतःच्या मर्जीनं नाही. बाहेरून येणाऱ्या लाईनचा व्होल्टेज आणि ५० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी बघून तो तिच्या तालावर ताल धरतो. भजनात टाळकरी पखवाजाकडे बघून वाजवतो ना, तसं. पखवाज थांबला की टाळ थांबले पाहिजेत. आणि हे मुद्दाम केलेलं आहे. समजा लाईन गेल्यावरही काकांचा इन्व्हर्टर वीज ढकलत राहिला, तर ती वीज उलट्या दिशेनं डी.पी.पर्यंत जाईल. ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. इकडून कमी व्होल्टेज दिला तर तिकडे ११ हजार व्होल्टच्या लाईनवर तो चढवूनच देईल. आणि त्या वेळी खांबावर कोण असतं? 'लाईन बंद आहे' असं समजून चढलेला वायरमन. म्हणून लाईन गेली की इन्व्हर्टरनं दोन सेकंदांच्या आत स्वतःला तोडून घ्यायचं, हा नियम. पुस्तकात याला अँटी-आयलंडिंग म्हणतात आणि आपण त्यावर पाच मार्कांची टीप लिहितो. काकांच्या कूलरशी त्याचा संबंध आहे हे मात्र कुणी सांगत नाही.

लाईट गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो, तो बराच महाग. नाहीतर साधा उपाय म्हणजे जुना इन्व्हर्टर आणि बॅटरी जपून ठेवायची, तिच्यावर एक पंखा आणि दोन दिवे चालवायचे. म्हणजे काकांनी भंगारात दिली तीच! एजंटनं हे एक वाक्य खरं सांगितलं असतं तर त्यांचे काही हजार वाचले असते.

दुसरा मुद्दा, किलोवॅट आणि युनिट. हसू नका. आपल्याला पहिल्या सेमिस्टरला कळलेला हा फरक बाहेर नव्वद टक्के लोकांना कळत नाही असं माझं मत आहे, आणि सगळी विक्री याच धुक्यात चालते. किलोवॅट म्हणजे नळाची धार, युनिट म्हणजे भरलेली बादली. महाराष्ट्रात १ किलोवॅटचे पॅनल वर्षाच्या सरासरीनं दिवसाला साधारण ४ युनिट देतात. (कोकणात जून ते ऑगस्टमध्ये पार अर्ध्यावर येऊ शकतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये पाचपर्यंतही जातात.) आता काकांचा हिशेब मांडू. मी त्यांच्याकडून बारा महिन्यांची बिलं मागवली. बेरीज आली २,२८० युनिट. एक किलोवॅट वर्षाला देतो १,४६०. म्हणजे २ किलोवॅटमध्ये २,९२० युनिट मिळून काम झालं असतं, वर शिल्लकही राहिली असती. एजंटनं बसवले तीन. का? तर 'अनुदान पूर्ण ७८,००० मिळेल'. अहो, पण तिसऱ्या किलोवॅटला अनुदान १८,०००, आणि खिशातून जाणारे पैसे त्याहून जास्त! आणि जास्तीच्या विजेचं काय होतं? नेट मीटरमध्ये ती पुढच्या महिन्यांत वळती होते, आणि ३१ मार्चला जे युनिट उरतात त्यांचे पैसे मिळतात, पण आपण ज्या दरानं वीज घेतो त्या दरानं नव्हे, त्याहून बऱ्याच कमी दरानं. शिवाय स्थिर आकार भरावा लागतोच. तेव्हा 'झिरो बिल' हेही पत्रकावरचंच.

ज्यांचं बिल महिन्याला साठ-सत्तर युनिटचं आहे त्यांनी तर अजिबात घाई करू नये. शंभर युनिटपर्यंतचा दर तसा कमी असतो, खरा चटका बसतो तो शंभरच्या पुढे. ज्याला चटका बसतो त्याचे पैसे लवकर वसूल होतात, इतकं हे सरळ आहे.

आणखी एक गैरसमज खास आमच्या वऱ्हाडातला. "आपल्याकडे एवढं ऊन, मग मे महिन्यात तर मीटर पळत सुटेल." ऊन वेगळं आणि उष्मा वेगळा! सिलिकॉनच्या सेलला उजेड हवा असतो, ताप नको असतो. पॅनलवर छापलेले वॅट हे सेलचं तापमान २५ अंश धरून मोजलेले असतात. पुढे प्रत्येक अंशाला सुमारे ०.३५ टक्के घट धरा. अकोल्याच्या मे महिन्यात पॅनल ६५ अंशांपर्यंत सहज तापतं. म्हणजे ४० अंश जास्त, आणि १४ टक्के गायब. म्हणून पॅनल स्लॅबला चिकटवून बसवायचे नसतात, खालून वारा खेळायला जागा सोडायची असते.

सावलीचं तर विचारूच नका. पॅनलमधले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात. दोरीवरच्या वाळत्या चादरीचा एक कोपरा पॅनलवर आला तर नुकसान त्या कोपऱ्याएवढंच होत नाही. सावलीतला सेल बाकीच्यांचा करंट अडवतो. बायपास डायोड असतात म्हणून अख्खं पॅनल बसत नाही, पण तीन डायोड असतील तर एकतृतीयांश पॅनल गेलंच समजा. जागा बघायला आलेला माणूस मे महिन्यात येतो, तेव्हा सूर्य डोक्यावर असतो (त्याच महिन्यात आपण शून्य सावलीचा दिवस साजरा करतो ना!), सावली कुठेच दिसत नाही. डिसेंबरच्या अखेरीला भर दुपारीसुद्धा टाकीची सावली जवळजवळ टाकीच्या उंचीएवढी उत्तरेकडे पडते. जागा बघायची ती त्या सावलीच्या हिशेबानं.

इतिहासात फार शिरत नाही. बेकरेलनं १८३९ मध्ये उजेडापासून वीज होते हे पाहिलं, बेल लॅब्जनं १९५४ मध्ये सुमारे ६ टक्के क्षमतेचा सिलिकॉन सेल केला, आज बाजारातलं चांगलं पॅनल २०-२२ टक्क्यांवर आहे. एका जोडाच्या सेलला ३३ टक्क्यांच्या आसपास छत आहे हे शॉकली आणि क्वाइसर यांनी १९६१ मध्येच दाखवून दिलं. बाकीचं तुमच्या पुस्तकात आहे.

मला जास्त बोलायचंय ते एका दुर्लक्षित गोष्टीबद्दल. आपल्याला सोलर म्हटलं की निळं-काळं पॅनलच दिसतं. पण सूर्याची सगळ्यात सोपी, स्वस्त वस्तू म्हणजे गरम पाणी! आमच्या आजीकडे तांब्याचा बंब होता, आईच्या लग्नानंतर पेटीसारखा सौर कुकर आला. काळे डबे, दोन काचांचं झाकण, वर आरसा. सकाळी डाळ-तांदूळ लावून ठेवायचे, दुपारी जेवायला तयार. हाच विचार मोठा केला, की शिर्डीच्या प्रसादालयात २००९ मध्ये सुरू झालेली सौर वाफेवरची स्वयंपाकाची यंत्रणा होते. तिथं ना सेल, ना डायोड. आता आकडे पाहा. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला ४ युनिटच्या थोडी वर उष्णता लागते. गिझर पॅनलवर चालवला तर १ किलोवॅटची दिवसभराची सगळी कमाई एवढ्यातच संपली, आणि त्यासाठी सुमारे ५ चौरस मीटर पॅनल. तेच काम सोलर वॉटर हीटरचं २ चौरस मीटरचं कलेक्टर करतं. पंप नाही, काही नाही. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, गार पाणी खाली येतं, बस्स.

"मग आपल्या होस्टेलचं सोलर का नाही तापत?" हा पुढचा प्रश्न मला माहीत आहे! तापतं हो. टाकीत तापतं, पण तळमजल्यापर्यंतच्या पाइपला आवरण नाही, त्यामुळे पहिल्या तीन बादल्या गार येतात आणि त्या आपण सोडून देतो. त्या जागी टाकीत खालून गार पाणी शिरतं. त्यात आपलं बोअरचं पाणी जड, कलेक्टरच्या नळ्यांत क्षार बसतात. पाइपला आवरण घालायला आणि नळ्या साफ करायला जो खर्च आहे तो गॅदरिंगच्या डी.जे.पेक्षा कमी असावा असा माझा अंदाज आहे. (गॅदरिंग कमिटीनं राग मानू नये.)

आता होस्टेलच्या गच्चीवर पॅनल बसवायची चर्चा चालू आहे असं ऐकतो. उत्तम. पण त्याआधी एक साधं गणित स्टाफसमोर ठेवतो. आपल्याकडचे जुने पंखे ७५ वॅटचे. बी.एल.डी.सी. पंखा तेवढाच वारा ३० वॅटमध्ये देतो. ४५ वॅट वाचले. आपला पंखा सोळा तास तरी फिरतो (रूमवर कुणी नसतानाही फिरतो, ते जाऊ दे). म्हणजे दिवसाला ०.७२ युनिट. १५० खोल्या, खोलीला एक पंखा, तर १०८ युनिट रोज. १०८ युनिट तयार करायला किती किलोवॅटचे पॅनल लागतील? २७! थंडीत पंखे बंद असतात, तेव्हा वर्षभराचा फायदा यापेक्षा कमी धरा, पॅनल मात्र थंडीतही वीज देतात. तरीसुद्धा पंखा तीन हजारांना धरला तर सगळे मिळून साडेचार लाख, आणि २७ किलोवॅटचा खर्च त्याच्या तिप्पट तरी. आधी पंखे, मग पाइपचं आवरण, मग पॅनल, असा माझा क्रम आहे. उद्घाटनाचा फोटो पॅनलबरोबर चांगला येतो, पंख्याबरोबर येत नाही, ही अडचण मला मान्य आहे.

आम्ही टी.ई.च्या चौघांनी एका विंगच्या पंख्यांना एनर्जी मीटर लावून आठवडाभर रोज रात्री दहाला रीडिंग घ्यायला सुरुवात केली आहे. २१ डिसेंबरला सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता गच्चीवर टाक्यांच्या सावल्या खडूनं आखायच्या आहेत. सिव्हिलवाल्यांनी टेप घेऊन यावं. त्या दिवशी गच्चीवर चादरी वाळत घालू नयेत, आणि रेक्टर सरांनी किल्ली आदल्या रात्रीच द्यावी ही विनंती.