लायसन लागत नाही म्हणजे शिकार चालते असं नाही

मंडळी, पाऊस उघडला की दरवर्षी हेच सुरू होतं. माळावर गवत गुडघाभर झालेलं असतं. संध्याकाळी दुचाकीवर तिघं, मधल्याच्या मांडीवर एअरगन. रात्री स्टेटसला फोटो पडतो, तीन-चार तितर नाहीतर एखादा ससा, खाली लिहिलेलं ‘शौक’. कुणी हटकलंच तर उत्तर ठरलेलं : "भाऊ, छऱ्याची बंदूक आहे ही. हिला लायसन लागत नाही."

यातलं अर्धंच खरं आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ इंचापर्यंतच्या नळीची, म्हणजे साडेचार मिलिमीटर छऱ्याची आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीची एअरगन बाळगायला परवाना लागत नाही. पण ही सूट बंदूक बाळगण्यापुरती आहे. त्या बंदुकीनं काय मारायचं, हे दुसरा कायदा सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला ‘स्मॉल गेम’ म्हणून एक यादी होती, तिच्यातल्या प्राण्या-पक्ष्यांच्या शिकारीचे परवाने मिळायचे. १९९१ च्या दुरुस्तीनं ते बंद झाले. म्हणजे आज पन्नाशीतले काका "आमच्या वडलांकडं परवाना होता" म्हणतात ते खोटं नसेलही. पण त्या गोष्टीला तीस वर्षं उलटून गेली.

आज तितर, लावा, ससा हे सगळे संरक्षित आहेत. मारलं तरच गुन्हा असंही नाही. जखमी करणं, पाठलाग करणं, मारायचा प्रयत्न करणं, हे सगळं कायद्याच्या भाषेत शिकारच. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मोर मारला तर किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. बंदूक जाते आणि ज्या गाडीवरून गेलात ती गाडीही जप्त होते. स्टेटस टाकणाऱ्यानं स्वतःच्या हातानं पुरावा टाकलेला असतो, हे त्याच्या लक्षातही येत नाही.

आता शेतकऱ्यांचं म्हणणं. "डुकरं पीक लोळवतात, मग आम्ही काय बघत बसायचं?" प्रश्न रास्त आहे. पंचनामा आणि भरपाईला किती हेलपाटे पडतात हे मी बातम्या करून थकलोय. पण एअरगन त्यावरचं औषध नव्हे. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा रानडुकराला मारत नाही, चिडवतो. मग ते दुसऱ्या दिवशी शेतात पाणी धरणाऱ्याच्या अंगावर येतं. आणि तितराचं म्हणाल तर तो तुमच्या शेतातली वाळवी आणि किडे खातो. त्याला मारून कोणतं पीक वाचतं?

छर्रा लागलेला प्रत्येक पक्षी हातात येतो असंही नाही. कितीतरी उडून झुडपात जातात आणि तिथं तडफडून मरतात. विणीच्या दिवसांत मादी गेली की घरट्यातली पिल्लंही गेली. ते कुणाच्या फोटोत येत नाही.

आणखी एक गोष्ट, थोडी बोचेल. फासेपारध्याच्या पोत्यात दोन तितर सापडले की गाव गोळा होतं, फोन जातात, केस होते. तेच तितर पाटलाच्या नाहीतर पुढाऱ्याच्या पोराच्या हातात असले की "जाऊ द्या, पोरगं आहे." ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे तो गुन्हेगार आणि ज्याला करमत नाही तो शौकीन, हा न्याय कुठला? कायदा लावायचा तर दोघांना सारखा लावा.

मग एअरगनवर बंदीच घाला, असं मी म्हणत नाही. याच प्रकारच्या शस्त्रावर अभिनव बिंद्रानं २००८ मध्ये देशाला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. आपल्या महाराष्ट्राचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं. त्याचा प्रकार ५० मीटरचा, रायफल वेगळी, पण तोही खेड्यातलाच पोरगा.

त्या १० मीटरच्या लक्ष्याचा मधला ठिपका किती असतो? अर्धा मिलिमीटर. उभं राहून, श्वास सांभाळत, सव्वा तासात ६० नेम. नेमाचीच हौस असेल तर यापेक्षा मोठी परीक्षा दुसरी नाही. तिथं बंदूक खाली ठेवताना नळीत सुरक्षा झेंडी घालावी लागते, हुकूम झाल्याशिवाय हात लावता येत नाही. ही शिस्त दुचाकीवर मांडीवर बंदूक घेऊन फिरणाऱ्याला कोण शिकवणार?

इथंच आपण कमी पडतोय. एअरगन ऑनलाइन मागवता येते, पण ती चालवायची कुठं? जत्रेतला फुगे फोडायचा स्टॉल सोडला तर तालुक्यात जागा नाही. मग पोरगं झाडाकडं बघतं.

म्हणून मागणी सरळ आहे. तालुका क्रीडा संकुलात १० मीटरची रेंज करा. मोठं मैदान नको. एक लांब बंदिस्त हॉल, मागं छर्रे अडवणारी भक्कम सोय आणि जाणता प्रशिक्षक, एवढ्यावर सुरुवात होते. दुसरं, ग्रामसभेत ठराव घ्या की आमच्या शिवारात शिकार चालणार नाही. अरुणाचल प्रदेशात तर शिकार ही परंपराच, तरी २०२१ पासूनच्या मोहिमेत लोकांनी हजारावर एअरगन आपणहून सरकारजमा केल्या. आपल्याकडं तर ही परंपराही नाही, नुसता टाइमपास आहे.

आणि पालकांनो, वाढदिवसाला बंदूक घेऊन देण्याआधी एकच प्रश्न विचारा : बाळा, ही तू चालवणार कुठं? उत्तर ‘माळावर’ असं आलं तर पैसे खिशातच ठेवा.

रेंजच्या मागणीचं निवेदन येत्या सोमवारी तहसीलदारांना देतोय. सही करायची असेल त्यांनी कमेंटमध्ये नाव टाका. पटत नसेल त्यांनीही लिहा, फक्त शिव्या नकोत, मुद्दा मांडा.