विश्लेषण : अमेरिकेत राज्य बदलले, की घर आणि गाडीचा विमा का बदलतो?

पगार तोच, काम घरूनच आणि नव्या राज्यात राज्याचा प्राप्तिकर नाही. शिवाय जुन्या घराच्या निम्म्या किमतीत मोठे घर! कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट किंवा न्यू जर्सीतील एडिसन सोडून टेक्सासमधील फ्रिस्को, प्लेनोसारख्या उपनगरांकडे वळणाऱ्या कुटुंबांचे गणित साधारण असे असते. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. या गणितात एक ओळ बहुतेकदा शेवटी लिहिली जाते, ती म्हणजे घर आणि गाडीच्या विम्याची. घराचा करार झाल्यावर आलेला विम्याचा आकडा पाहून अनेकांना धक्का बसतो. काहींना तर हप्ता कमी दिसल्याने आनंद होतो आणि धक्का पहिल्या गारपिटीनंतर बसतो. हे असे का होते आणि दोन राज्यांतील विम्याची तुलना नेमकी कशाशी करायची?

देश एक, विम्याचे नियम पन्नास…

भारतात गाडी पुण्याहून बेंगळूरुला नेली, तरी थर्ड पार्टी विम्याचा दर बदलत नाही. तो केंद्र सरकार ठरवते. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या खासगी मोटारीसाठी तो देशभर ३,४१६ रुपये होता. अमेरिकेत असा राष्ट्रीय दर नाही आणि राष्ट्रीय नियामकही नाही. १९४५ च्या मॅकरन-फर्ग्युसन कायद्याने विमा व्यवसायाचे नियमन राज्यांकडे सोपवले. प्रत्येक राज्याचा स्वतंत्र विमा विभाग आहे आणि विमा कंपनीला प्रत्येक राज्यात वेगळा परवाना, वेगळे दर आणि वेगळ्या अटी मंजूर करून घ्याव्या लागतात.

म्हणूनच स्थलांतर करताना जुनी पॉलिसी नव्या पत्त्यावर नुसती वळवता येत नाही. कंपनीचे नाव तेच असले तरी पॉलिसी नव्याने घ्यावी लागते. अनेकदा त्या नावामागची कायदेशीर कंपनीही वेगळी असते. स्टेट फार्मचा कॅलिफोर्नियातील घरविम्याचा व्यवसाय ‘स्टेट फार्म जनरल’ या स्वतंत्र उपकंपनीकडे आहे. ‘आम्ही दहा वर्षांचे जुने ग्राहक आहोत’ याने थोडी सवलत मिळेल, पण पॉलिसीतील अटी नव्या राज्याच्याच राहतील.

घर स्वस्त, मग विमा स्वस्त का नाही?

घराचा विमा बाजारभावावर नसतो. घर पूर्ण नष्ट झाले तर ते पुन्हा बांधायला किती खर्च येईल, यावर तो असतो. कॅलिफोर्नियाच्या बे एरियातील १५ लाख डॉलरच्या घरात मोठा वाटा जमिनीचा असतो आणि जमीन जळत नाही. समजा, ते घर बांधायला सहा लाख डॉलर लागतील. टेक्सासमधील सहा लाखांचे घर आकाराने मोठे असते, जमिनीचा वाटा कमी असतो. त्याचा बांधकाम खर्च पाच लाखांच्या आसपास असू शकतो. घराची किंमत ६० टक्क्यांनी उतरली, पण विम्याची रक्कम जेमतेम एकषष्ठांशाने.

त्यात धोका बदलतो. उत्तर टेक्सासमध्ये गारपीट आणि वादळी वारे हे घरविम्याच्या दाव्यांचे नेहमीचे कारण आहे, फ्लोरिडात चक्रीवादळ, तर कॅलिफोर्नियात वणवा. शिवाय घराचे कर्ज असेल तर विम्याचा हप्ता आणि मालमत्ता कर बहुतेकदा कर्जाच्या मासिक हप्त्यातच एस्क्रो खात्यामार्फत कापला जातो. विमा वाढला की व्याजदर कायम असलेल्या कर्जाचाही मासिक हप्ता वाढतो.

हप्त्याच्या आकड्यात काय दडते?

दाव्याच्या वेळी पहिली काही रक्कम घरमालकाने स्वतः भरायची असते. तिला डिडक्टिबल म्हणतात. अनेक राज्यांत ती १,००० किंवा २,५०० डॉलर अशी ठरावीक असते. टेक्सासमध्ये वारा आणि गारपिटीसाठी ती बहुतेकदा टक्क्यांत असते आणि ती टक्केवारी दाव्याच्या रकमेवर नव्हे, तर घराच्या एकूण विमा रकमेवर मोजली जाते. पाच लाखांच्या विम्यावर दोन टक्के म्हणजे १०,००० डॉलर. छताचे नुकसान १४,००० डॉलरचे झाले तर कंपनीकडून मिळतील चार हजार.

समजा, एका पॉलिसीचा हप्ता वर्षाला ३,२०० डॉलर आणि डिडक्टिबल दोन टक्के आहे. दुसरीचा हप्ता ३,९०० डॉलर आणि डिडक्टिबल एक टक्का आहे. पहिली ७०० डॉलरने स्वस्त दिसते. पण मोठ्या दाव्यात ती ५,००० डॉलर जास्त खर्चात टाकते. म्हणजे सात वर्षांत एकदा जरी छत बदलण्याची वेळ आली, तर ‘स्वस्त’ पॉलिसीचा फायदा संपला.

दुसरा प्रश्न छताचाच. काही पॉलिसी नवे छत बसवण्याचा पूर्ण खर्च देतात. काही छताच्या वयानुसार घसारा वजा करून उरलेली किंमतच देतात. पंधरा वर्षांच्या छतासाठी हा फरक हजारो डॉलरचा असतो, पण दोन्ही पॉलिसींवर ‘घराचा संपूर्ण विमा’ असेच लिहिलेले दिसते. फ्लोरिडात चक्रीवादळाचे डिडक्टिबल वेगळे असते. तिथे ५०० डॉलर किंवा विमा रकमेच्या दोन, पाच, दहा टक्के असे पर्याय असतात.

पुराचे काय?

सर्वसाधारण घरविम्यात पूर येत नाही, मग राज्य कोणतेही असो. त्यासाठी १९६८ पासून केंद्राची राष्ट्रीय पूरविमा योजना आहे. तिच्यात एका कुटुंबाच्या घरासाठी कमाल अडीच लाख डॉलर आणि सामानासाठी एक लाख डॉलर मिळतात. पॉलिसी घेतल्यावर ती लागू होण्यास साधारण ३० दिवस लागतात. गृहकर्ज घेतानाच ती घेतली तर ही प्रतीक्षा नसते. त्यामुळे खरेदीचा व्यवहार हीच ती घेण्याची सोयीची वेळ. अतिजोखमीच्या पूरक्षेत्रात घर असेल तर बँक पूरविमा मागतेच. बाकीचे बहुतेक जण तो घेत नाहीत. २०१७ मध्ये हार्वे वादळाने ह्यूस्टन परिसरात ज्या घरांत पाणी शिरले, त्यांपैकी निम्म्याहून अधिक घरांना पूरविमा नव्हता.

विमाच मिळाला नाही तर?

काही ठिकाणी प्रश्न महागाईचा नसून उपलब्धतेचा आहे. कॅलिफोर्नियात १९८८ च्या ‘प्रपोझिशन १०३’नुसार दरवाढीला विमा आयुक्तांची आधी मंजुरी लागते. वणव्यांचे नुकसान आणि बांधकाम खर्च वाढत गेला, दर त्या वेगाने वाढले नाहीत आणि कंपन्यांनी हात आखडता घेतला. स्टेट फार्मने मे २०२३ मध्ये तिथे घरांच्या नव्या पॉलिसी देणे थांबवले. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरातील पॅलिसेड्स आणि ईटन वणव्यांत १६ हजारांहून अधिक बांधकामे नष्ट झाली. त्यानंतर आयुक्तांनी स्टेट फार्म जनरलला घरविम्यासाठी सरासरी १७ टक्क्यांची तातडीची दरवाढ मंजूर केली.

ज्यांना कोणतीच कंपनी विमा देत नाही, त्यांच्यासाठी ‘फेअर प्लॅन’ हा शेवटचा आधार आहे. पण त्यात मुख्यतः आगीसारखे मोजके धोके येतात. चोरी किंवा फुटलेल्या नळाच्या पाण्यासाठी वेगळी पूरक पॉलिसी घ्यावी लागते. तुलना करताना या दोन्ही हप्त्यांची बेरीज धरावी लागते. फ्लोरिडात हीच भूमिका सिटिझन्स ही सरकारी संस्था बजावते. टेक्सासच्या किनारी भागात वारा आणि गारांचा विमा वेगळ्या राज्यस्तरीय संस्थेकडून घ्यावा लागू शकतो.

गाडीच्या विम्यात काय बदलते?

गाडीच्या विम्यात कायद्याने सक्तीची किमान रक्कमच राज्यागणिक वेगळी आहे. ती तीन आकड्यांत सांगतात. एका व्यक्तीच्या इजेसाठी, एका अपघातातील सर्वांच्या इजेसाठी आणि दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी, हजार डॉलरमध्ये. टेक्सासमध्ये ते ३०-६०-२५ आहेत. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून ३०-६०-१५ झाले, त्याआधी ते १५-३०-५ होते. न्यू जर्सीत प्रमाणित पॉलिसीसाठी जानेवारी २०२६ पासून ३५-७०-२५ आहेत. न्यू हॅम्पशायरमध्ये गाडीचा विमा सक्तीचाच नाही.

पण मोठा फरक अपघातानंतर दवाखान्याचे बिल कोण भरते, यात आहे. न्यू जर्सी आणि फ्लोरिडा ही ‘नो-फॉल्ट’ राज्ये आहेत. चूक कोणाचीही असो, जखमीच्या उपचाराचा खर्च आधी त्याच्याच विम्यातून होतो. या संरक्षणाला पीआयपी म्हणतात. न्यू जर्सीत ते अडीच लाख डॉलर किंवा अधिकही घेता येते. फ्लोरिडात सक्ती फक्त १०,००० डॉलरची आहे. टेक्सासमध्ये ज्याची चूक त्याने भरायचे, असा नियम आहे. तिथे कंपनीने पीआयपी देऊ करणे बंधनकारक आहे, पण ग्राहक लेखी नकार देऊ शकतो. घेतले तरी ते किमान २,५०० डॉलरपासून सुरू होते. त्यामुळे एडिसनहून फ्रिस्कोला गेलेल्या कुटुंबाचा गाडीचा हप्ता कमी झाला, तर आधी हे पाहावे लागते, की राज्य स्वस्त आहे की संरक्षणच गळाले आहे?

दर ठरवण्याचे निकषही बदलतात. कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्समध्ये गाडी किंवा घराच्या विम्यासाठी ग्राहकाचा क्रेडिट स्कोअर वापरता येत नाही. टेक्सास आणि न्यू जर्सीत वापरता येतो. अमेरिकेत येऊन दोन-तीनच वर्षे झालेल्या, क्रेडिटचा फारसा इतिहास नसलेल्या कुटुंबाला कॅलिफोर्निया सोडल्यावर हा घटक पहिल्यांदाच जाणवतो.

तुलना कशी करायची?

सुरुवात हातातल्या पॉलिसीच्या ‘डेक्लरेशन पेज’पासून करावी. त्यावर प्रत्येक संरक्षणाची रक्कम आणि डिडक्टिबल एका पानावर असते. नव्या राज्यातील किमान तीन कोट त्याच रकमांवर मागावेत. मग प्रत्येकासाठी दोन आकडे लिहावेत. एक, घर आणि गाडी मिळून वर्षाचा एकूण हप्ता, त्यात पूरविमा किंवा पूरक पॉलिसी धरून. दुसरा, वाईट वर्षात खिशातून जाणारी रक्कम. दोन्ही विमे एकाच कंपनीकडे घेतले तर बहुधा सवलत मिळते, पण सवलतीनंतरची बेरीज तपासावी.

तारखांनाही महत्त्व आहे. नव्या रहिवाशाने गाडीची नोंदणी टेक्सासमध्ये ३० दिवसांत, कॅलिफोर्नियात २० दिवसांत करायची असते. फ्लोरिडात नोकरी लागल्यापासून किंवा मूल शाळेत घातल्यापासून १० दिवस मिळतात. नवी पॉलिसी सुरू होण्याआधी जुनी बंद करू नये. मध्ये एका दिवसाचा जरी खंड पडला, तरी पुढचा दर वाढू शकतो. जुने घर विकले जाईपर्यंत रिकामे राहणार असेल तर कंपनीला कळवावे. साधारण ३० ते ६० दिवस घर रिकामे राहिले, की तोडफोडीसारख्या नुकसानीची भरपाई अनेक पॉलिसी नाकारतात.

कोट केव्हा मागवावा?

टेक्सासमध्ये घर खरेदीचा करार करताना खरेदीदार थोडे शुल्क भरून काही दिवसांचा ‘ऑप्शन पीरियड’ घेतो. या काळात कोणतेही कारण न देता माघार घेता येते. बहुतेक जण या दिवसांत घराची तपासणी करून घेतात. विम्याचा कोटही त्याच दिवसांत मागवावा आणि त्या घरावर आधी झालेल्या दाव्यांचा ‘क्लू’ अहवाल विक्रेत्याकडून मागावा. त्यात साधारण सात वर्षांतील दावे असतात. छत किती जुने आहे आणि गारपिटीचे डिडक्टिबल किती बसेल, हे दोन आकडे कळल्यावरही घर परवडत असेल, तर ते खरोखर परवडते. नसेल, तर माघार घेण्याचा खर्च त्या दिवसांत काही शे डॉलरचा असतो.