हा जीर्णोद्धार नव्हे

जुन्या प्रीमियर पद्मिनीत दुसऱ्या गाडीचे नवे, अधिक शक्तीचे इंजिन बसवावयाचे आणि त्या खटाटोपास ‘जीर्णोद्धार’ म्हणावयाचे, ही भाषा आम्हांस मान्य नाही. देवळाच्या जीर्णोद्धारात शिखरावर जड कळस चढविण्यापूर्वी पाया तपासतात. येथे पाया कोण तपासतो? पद्मिनीचे मूळ इंजिन १०८९ घन सें.मी.चे, चारही चाकांचे ड्रम ब्रेक त्याच हिशेबाने घडविलेले. धाव वाढविली, थांबण्याची शक्ती मात्र होती तेवढीच! मूळचे सुटे भाग दुर्मिळ झाले, ही अडचण आम्ही नाकारीत नाही. परंतु तीवर उपाय त्याच जातीचे इंजिन शोधणे हा होय.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी नोंदणी विसंगत ठरेल असा फेरफार मालकास करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. ‘गाडी आमची, इंजिन आमचे,’ असे म्हणणारे आम्हांस पुष्कळ भेटतात. रस्ता कोणाचा, हे मात्र ते सांगत नाहीत. अपघातानंतर विमा कंपनी इंजिनाचा क्रमांक नोंदणीशी ताडून पाहू लागली, की हेच गृहस्थ कागद घेऊन आमच्यासारख्या वकिलाच्या ओटीवर येऊन बसतात.