शस्त्रक्रियेची तारीख आणि न सांगितलेली गोळी

व्यापारी घरात तारखेला मोठा मान असतो. धनादेश वठण्याची तारीख, मालाची उचल, विवरणपत्राची अखेरची मुदत यांची नोंद पेढीवर चोख असते. त्याच घरातील स्त्रीच्या देहाचीही दरमहा एक तारीख असते. तिची नोंद मात्र तिच्या मनाखेरीज कोठेही नसते. पर्युषण, प्रतिष्ठा महोत्सव, घरचे लग्नकार्य किंवा शिखरजी-पालिताण्याची यात्रा आली, की ही तारीख गोळी घेऊन पुढे ढकलली जाते. गोळीचे नाव जाऊ किंवा नणंद सांगते, दुकानातून ती कोणी मुकाट्याने आणून देते आणि कार्य पार पडले की सारे विसरतात. याच सवयीने अलीकडे शस्त्रक्रियेची तारीखही सांभाळली जाते. तेथे मात्र हे मौन महागात पडू शकते.

एक घर कल्पावे. कापडाची पेढी, एकत्र कुटुंब आणि दोन मुलांची आई असलेली, चाळिशी ओलांडलेली सूनबाई. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या पोटाचे स्नायू सैल झाले, त्वचा लोंबू लागली, कंबर धरू लागली. दिवाळीची गर्दी संपल्यावर पोटाची प्लास्टिक सर्जरी करावयाची ठरले. विमा असा खर्च सहसा देत नाही, म्हणून रोख आगाऊ रक्कम भरून तारीख घेतली. ती नेमकी पाळीच्या दिवसांत आली, तेव्हा पर्युषणात घेतलेल्या गोळ्यांची पट्टी पुन्हा पर्समध्ये आली. तपासणीच्या वेळी शल्यचिकित्सकांनी विचारले, “कोणती औषधे चालू आहेत?” उत्तर पतीने दिले, “काही नाही.” पती खोटे बोलला नाही. रक्तदाबाची, मधुमेहाची गोळी म्हणजे औषध, एवढाच त्याचा हिशेब होता. शेजारी सासूबाई बसल्या होत्या, त्यामुळे सूनबाईही गप्प राहिली.

या गोळीत असते तरी काय? पाळी लांबविण्यासाठी आपल्याकडे बहुधा नॉरएथिस्टेरॉन हे संप्रेरक वापरतात. ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा, पाळीच्या अपेक्षित दिवसाच्या सुमारे ३ दिवस आधीपासून दिली जाते. ती थांबविल्यावर २-३ दिवसांत पाळी येते. इतक्या मात्रेत घेतलेल्या या औषधाचा थोडा अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये रूपांतरित होतो, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. माला-डी, माला-एन यांसारख्या संततिनियमनाच्या रोजच्या गोळ्यांत तर इस्ट्रोजेन थेटच असते.

भीती वाटावी इतका हा धोका मोठा नाही. युरोपीय औषध संस्थेने २०१३ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार, गोळी न घेणाऱ्या व गर्भवती नसलेल्या १०,००० स्त्रियांपैकी वर्षभरात सुमारे २ जणींना शिरेत रक्ताची गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेलयुक्त संयुक्त गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ५ ते ७, तर ड्रोस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेलयुक्त गोळीत ९ ते १२ असते. एरवी हा आकडा लहानच. परंतु शस्त्रक्रियेत जोखमीच्या रकमा एकमेकींत मिळवाव्या लागतात. शल्यचिकित्सकांकडे त्यासाठी ‘कॅप्रिनी’ नावाची गुणपद्धती असते. वय ४१ ते ६० असेल तर १ गुण, वजन प्रमाणाबाहेर असेल तर १, संततिनियमनाची किंवा अन्य संप्रेरकाची गोळी चालू असेल तर १, पाऊण तासाहून दीर्घ शस्त्रक्रियेचे २, पूर्वी गुठळी झाली असेल तर ३. बँकेच्या पतमापनात गुण जितके अधिक तितके बरे; येथे नेमके उलटे. सौंदर्यशस्त्रक्रियांमध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेत गुठळीची भीती विशेष असते आणि तिच्यासोबत चरबी काढणे किंवा दुसरी शस्त्रक्रिया केली तर ती आणखी वाढते. सूनबाईचा एक गुण न सांगितल्यामुळे कागदावर आलाच नाही. बेरीज चुकली की त्यावर ठरणारे उपचारही चुकतात.

मग गोळी आपणच बंद करावी काय? तसेही करू नये. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी, विशेषतः नंतर बराच काळ अंथरुणावर राहावे लागणार असेल तर, इस्ट्रोजेनयुक्त गोळी ४ आठवडे आधी थांबवावी आणि हिंडणे-फिरणे पूर्ववत झाल्यावर किमान २ आठवड्यांनी पुन्हा सुरू करावी, अशी ब्रिटिश वैद्यकातील रूढ पद्धत आहे. तीळ काढणे किंवा पापणीची लहान शस्त्रक्रिया यांसाठी सहसा याची गरज नसते. गोळी थांबविली आणि दुसरे साधन वापरले नाही, तर गर्भधारणेची शक्यता राहते. गर्भारपणात गुठळीचा धोका गोळीपेक्षाही अधिक असतो. तांबीमध्ये संप्रेरक नसल्याने ती काढावी लागत नाही. म्हणून हा निर्णय शल्यचिकित्सक आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी मिळून घ्यावयाचा आहे, आणि त्यासाठी पहिली भेट दीड-दोन महिने आधी व्हावयास हवी. आदल्या दिवशी सांगितलेली गोष्ट बहुधा तारीख पुढे नेते.

मुळात शस्त्रक्रियेसाठी पाळी लांबविण्याची गरजच क्वचित असते. पाळी चालू आहे एवढ्या कारणाने शस्त्रक्रिया सहसा रद्द होत नाही. परिचारिकेला सांगितले की ती पॅडची व्यवस्था करते. टॅम्पॉन किंवा कप मात्र आत ठेवू नये. पोटदुखीसाठी घरात सहज घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक आम्ल, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिनयुक्त गोळ्यांमुळे रक्तस्राव वाढू शकतो. त्या किती दिवस आधी थांबवावयाच्या आणि त्याऐवजी काय घ्यावयाचे, हे विचारून घ्यावे. रक्तस्राव दरमहा फार होत असेल तर हिमोग्लोबिन आधीच तपासावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. सुखवस्तू घरे त्याला अपवाद असतातच असे नाही.

भुलीची एक बाबही ध्यानात असावी. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा परिणाम उतरविण्यासाठी सुगामाडेक्स दिले असेल, तर पुढील ७ दिवस संप्रेरक साधनांवर विसंबता येत नाही. मळमळीसाठी ॲप्रेपिटंट दिले असेल तर ही सावधगिरी महिनाभर बाळगावी लागते. घरी येताना हे विचारूनच यावे.

जैन कुटुंबाने आणखी एक प्रश्न वेळेवर विचारावा. गुठळी होऊ नये म्हणून दिली जाणारी हेपॅरिनची बहुतेक इंजेक्शने डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनतात. फोंडापॅरिनक्स हे कृत्रिमरीत्या बनविलेले औषध उपलब्ध आहे, पण ते प्रत्येकीला चालेलच असे नाही. हा विचार भुलीच्या टेबलावर नव्हे, पहिल्या भेटीत व्हावा.

खरी कसोटी घरी परतल्यावर लागते. शस्त्रक्रियेच्या ताणाने पाळी अवेळी येऊ शकते. प्रथा पाळणाऱ्या घरात अशा वेळी सूनबाई एका खोलीत वेगळी बसते, कोणाला हाक मारण्यास संकोचते, पाणी कमी पिते, हालचाल टाळते. गुठळीला पोषक अशीच ही स्थिती आहे. तिला थोड्या थोड्या वेळाने चालविणे, पुरेसे पाणी देणे आणि वेळेवर औषध देणे हे घरातील वडीलधाऱ्यांचे काम आहे. या काळात चौविहार किंवा उपवास करावा की नाही, हे वैद्य आणि गुरुमहाराज या दोघांना विचारावे. पच्चक्खाणातही आगार असतात, आणि प्रकृतीच्या कारणाला त्यांत स्थान आहे. एकाच पायाच्या पोटरीला सूज, वेदना किंवा लाली दिसली, एकाएकी धाप लागली, छातीत दुखले किंवा खोकल्यात रक्त पडले, तर रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठावे.

सूनबाईच्या त्या घरात आणखी एकच गोष्ट व्हावयास हवी होती. पती आणि सासूबाई पाच मिनिटे बाहेर बसले असते, तर पर्समधील पट्टी टेबलावर आली असती. आगाऊ रक्कम भरली आहे, तारीख ठरली आहे, या हिशेबापोटी अशी पाच मिनिटे वाचवू नयेत. तारीख पुन्हा मिळते. जैन दर्शनाने माया, म्हणजे लपविणे, हे तीन शल्यांपैकी एक मानले आहे आणि गुरूपुढे काहीही न झाकता आलोचना करण्यास सांगितले आहे. शल्यचिकित्सकापुढे बसतानाही तोच नियम उपयोगी पडतो. घेतलेली प्रत्येक गोळी, तिचे नाव आणि शेवटची तारीख एका कागदावर लिहून न्यावी, आणि तो कागद स्त्रीने स्वतःच्या हाताने द्यावा.