पंडिताचे मौन

नाताळचा सण समीप आला असता ख्रिस्ती परंपरेतील एका महापंडिताचे स्मरण उचित ठरेल. संत थॉमस अक्विनास हे त्यांचे नाव. ईश्वराचे अस्तित्व बुद्धीस सिद्ध करता येते. परंतु त्याचे स्वरूप तिला या देही पूर्णतः आकळत नाही, असे त्यांनी ‘सुम्मा थिओलॉजिए’ या महाग्रंथाच्या पूर्वभागातच मांडले होते. पुढे ६ डिसेंबर १२७३ रोजी नेपल्स येथे उपासनेच्या वेळी त्यांना काही विलक्षण अनुभव आला आणि त्यांनी लेखणी खाली ठेवली. सहकाऱ्याने आग्रह धरला, तेव्हा आजवर लिहिलेले सारे आपणांस तृणवत् भासते, असे ते म्हणाल्याचे सांगतात. ग्रंथ अपूर्णच राहिला. ७ मार्च १२७४ रोजी त्यांनी देह ठेवला.

तथापि त्यांनी तो ग्रंथ जाळला नाही, की मिथ्या म्हटला नाही. अध्ययनावाचूनच ज्ञानाला तृण म्हणणे हे केवळ आळसाचे लक्षण होय. आयुष्यभर ज्ञान वेचून, सत्य आपल्या ओंजळीहून मोठे आहे असे जो म्हणतो, त्याचीच नम्रता खरी. चार पोथ्यांच्या बळावर दुसऱ्याच्या श्रद्धेचा निवाडा करू धजणाऱ्या सर्वच धर्मांतील पंडितांनी, आणि त्यांत आम्ही कीर्तनकारही आलो, हे मौन आवर्जून ऐकावे.